साक्षीची बाटली

१

बुधवारी सकाळी, चहा यायच्या आतच, नगारेकाटीच्या शाळेचं पाणी नासलं. पाणी नासलं की आकडा नासला, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हतं. यंत्राच्या पडद्यावर ९.२ उमटलं. बिबी पलांग्योंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला, तरी ते ९.२ च राहिलं.

गेल्या ऑगस्टमधला एक बिघाड सोडला, तर दोन वर्षं, दर बुधवारी, त्याच शाळेच्या फिल्टरचं पाणी त्याच यंत्रावर १.१ दाखवत आलं होतं. फार झालं तर १.२. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड गेलं की मुलांचे दात तपकिरी होतात, आणि फार वर गेलं की गुडघे वाकतात. बिबींना हे कोणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. त्या याच डोंगराच्या पायथ्याशी, चहाच्या रंगाच्या नदीचं पाणी पिऊन वाढल्या होत्या आणि साठी आली तरी ओठ मिटूनच हसायच्या. विद्यापीठाच्या पाणी प्रयोगशाळेत त्यांची एकतीस वर्षं गेली होती. बिबी म्हणजे आजी. पण इथे जिच्याकडून बोलणी खायची शक्यता असते अशा कोणत्याही बाईला बिबी म्हणतात, आणि प्रोफेसर म्बिसेही त्यांना बिबीच म्हणायचे.

तेच आता दारात उभे होते.

"बिबी, परवा शुक्रवारी समिती बसतेय. चाळीस शाळांना फिल्टर द्यायचे की नाही, ते ठरणार आहे. आणि आज तुम्ही मला हे दाखवताय?"

"मी नाही दाखवत, प्रोफेसर. यंत्र दाखवतंय."

"म्हणजे एकतर फिल्टर फुकट गेला, नाहीतर त्या मुलीने दोन वर्षं मनचे आकडे लिहिले."

"दोन वर्षं आकडे मी काढले. मग मीही खोटी का?"

प्रोफेसर गडबडले. "तसं नाही हो. पण साक्षीची बाटलीसुद्धा खराब आलीय! ८.१! आता तिच्या कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा? मी शाळेत फोन केलाय, मुलांना ते पाणी पाजू नका म्हणून. शुक्रवारपर्यंत काही सापडलं नाही, तर तुमसिफूचा प्रबंध मी मागे घेतोय."

ते गेले. बिबींनी दार लावून घेतलं, बाटलीतला एक थेंब बोटावर घेतला आणि अंगठ्याने चोळला. थेंब साबणाच्या पाण्यासारखा सुळसुळीत लागला. हा स्पर्श त्यांच्या बोटांना चांगला ओळखीचा होता. फिल्टरमधल्या हाडांच्या कोळशातून कितीही पाणी गाळलं, तरी ते असं होत नाही. या पाण्यात कोणीतरी काहीतरी कालवलं होतं.

२

फिल्टरवर संशोधन करणारी विद्यार्थिनी तुमसिफू उरिओ रडून आली होती, पण तोंड धुऊन आली होती, हे बिबींना आवडलं.

"शिकामो, बिबी." तिने थोरांना करायचा नमस्कार केला.

"मराहाबा. बस. मंगळवारी काय काय झालं ते सांग, आणि मला काय ऐकायला आवडेल याचा विचार करू नकोस."

मंगळवारचा क्रम ठरलेला होता. प्रयोगशाळेतून सहा बाटल्यांची पेटी निघायची. पाच रिकाम्या, आणि सहावी इथेच शुद्ध पाण्याने भरलेली. ती साक्षीची बाटली. तिला नुसतं गावभर फिरवून परत आणायचं. तिच्यात काही सापडलं, तर वाटेत काहीतरी शिरलं असं समजायचं. तिची ओळख पटू नये म्हणून तिच्यावरही इतरांसारखाच आकडा टाकलेला असे. शाळेत एक बाटली नदीच्या नळावर भरायची, चार फिल्टरवर भरायच्या, आणि पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवायची. मग तीन वाजता ड्रायव्हर हामिदू ती घेऊन परत यायचा.

"तू कुठे होतीस तीनपर्यंत?"

"दहालाच गावात गेले, घरोघरी माहिती विचारायला. हामिदू जेवून गाडीत झोपतो. खोली उघडीच असते."

"साक्षीची बाटली कोणती, हे कोणाकोणाला माहीत?"

"मला, तुम्हाला, प्रोफेसरांना आणि डॉक्टर लुकुमायांना. शाळेत कोणालाच नाही. अशी बाटली असते हेच त्यांना माहीत नाही."

"हामिदूला?"

"त्याला पेटी जड की हलकी एवढंच कळतं."

बिबींनी कागदावर सहा आकडे मांडले. नदी १४.३, नेहमीसारखी. फिल्टरच्या चारही बाटल्या ९.२. साक्षीची ८.१.

"याआधी एकदाच बिघडला होता ना गं फिल्टर?"

"एकदाच. गेल्या ऑगस्टमध्ये कोळसा संपत आला तेव्हा आकडा तीनवर गेला. कोळसा बदलला आणि अभ्यास दहा महिने लांबवला. प्रोफेसर तेव्हाही चिडले होते." तुमसिफू थांबली. "बिबी, एक सांगू? चुगली वाटेल."

"चुगली असेल तर लवकर सांग."

"मंगळवारी मी परत आले, तेव्हा शाळेच्या फाटकातून लुकुमायांची गाडी बाहेर पडत होती."

३

डॉक्टर लुकुमाय याच विभागात शिकवायचे आणि पाणी गाळायचं एक परदेशी यंत्र घेऊन सहा वर्षं दारोदार फिरत होते. हाडांच्या कोळशाला ते 'स्मशानाची गाळणी' म्हणायचे. तुमसिफूचा फिल्टर पडला, तर समितीसमोर त्यांचंच यंत्र उरणार होतं. विभागातल्या शिपायापासून सगळ्यांनी बुधवारी दुपारपर्यंत गुन्हेगार ठरवूनही टाकला होता.

"या, बिबी. बेड्या आणल्यात का?" लुकुमाय खुर्चीतून उठलेही नाहीत.

"बेड्या नाहीत. तोंड आणलंय. शाळेत कशाला गेला होतात?"

"म्वालिमू सराकिक्यांनी बोलावलं म्हणून. मुख्याध्यापक स्वतः फोन करतोय, आजपर्यंत एकाही शाळेने मला आपणहून विचारलेलं नाही. गेलो."

"काय म्हणाले?"

"यंत्र कसं चालतं, काय गाळतं, यातलं काही विचारलं नाही. एकच प्रश्न, तीनदा. 'अभ्यास संपल्यावर यंत्र कुठे जातं?' मी म्हटलं, जिथून आलं तिथे, दुसरं कुठे! त्यावर त्यांनी चहासुद्धा पुरा पाजला नाही." लुकुमाय पुढे झुकले. "मला ती मुलगी आवडत नाही, बिबी. फार उत्तरं देते. पण बाटल्यांत काही कालवायचं असतं, तर मी साक्षीच्या बाटलीला हात लावला असता का? तेवढी अक्कल आहे मला."

हे मात्र खरं होतं, आणि बिबींना ते सकाळपासूनच खटकत होतं. नदीची बाटली रंगावरून कोणालाही ओळखता येते. कालवणाऱ्याने ती सोडली आणि जेवढं नितळ दिसलं तेवढ्या सगळ्यात कालवलं. साक्षीच्या बाटलीतसुद्धा. तो माणूस विद्यापीठाचा नव्हताच.

मग तो शाळेतला होता, किंवा शाळेत जेवून गाडीत झोपणारा होता. आणि उद्या बिबींना त्याच गाडीतून, त्याच्याच शेजारी बसून जायचं होतं.

४

हामिदू वाटेत बाजारापाशी थांबला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पुडा मांडीवर ठेवून गाडी हाकू लागला.

"काय आहे रे त्यात?"

"मगाडी, बिबी. बायकोने सांगितलीय. घेता का थोडी? राजमा असा गळतो की दात नसलेल्यानेही खावा."

मगाडी म्हणजे कोरड्या तळ्यांच्या काठावरचा खार, आपल्या पापडखाराच्या नात्यातला. इथे मका-राजम्याचं मकांडे तिच्याशिवाय शिजत नाही. पाण्यात विरघळली की बोटांना सुळसुळीत लागते. आणि मातीतून खरवडलेल्या मगाडीत फ्लोराइड ठासून भरलेलं असतं.

बिबींनी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "मगाडीने नुकसान होतं म्हणतात."

"कोण म्हणतं? ज्याला राजमा परवडत नाही तो!" हामिदू मनापासून हसला आणि पुडा त्यांच्या मांडीवर टाकला. "ठेवा हो. आमची आई शंभर वर्षं जगली ती यावरच."

शाळेत मधली सुट्टी झाली होती. फिल्टरची निळी टाकी ओट्यावर उभी होती, आणि तिच्या नळासमोर पोरांची रांग लागली होती. बालवाडीतली दोन पोरं एकाच पेल्यासाठी भांडत होती. बिबी क्षणभर ते पाहत राहिल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या.

नामन्याक स्वयंपाकीण चुलीशी फुंकर घालत होती. तिने वर न बघताच सुरुवात केली. "तुम्हीच का त्या विद्यापीठाच्या? मग ऐका. त्या पोरीने शाळेत सभा घेतली, मास्तरांना, मला, पोरांना सगळ्यांना बसवून सांगितलं की मगाडीतही तेच विष आहे, टाकायची नाही. गावातल्या घराघरातली मगाडी गोळा केली. आता राजमा दुपारपर्यंत दगड! लाकडं कोण आणून देणार, ती?"

"गोळा केलेली मगाडी गेली कुठे?"

"म्वालिमूंच्या कपाटात. पोती आहेत पोती. मला एक खडा मागितला तर देत नाहीत."

"तुमचा राग आहे म्हणजे फिल्टरवर."

"आहेच." नामन्याकने फुंकणी खाली ठेवली. "आणि काल तर कळलं की त्याचंच पाणी वाईट निघालं. माझी नात आहे दुसरीत. आज पहाटे वरच्या झऱ्यावर जाऊन तिच्यासाठी कॅन भरून आणला. दोन तास चालले. हा बघा."

कोपऱ्यात पिवळा कॅन होता. त्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेला पेला होता.

म्वालिमू सराकिक्या खोलीच्या दारातच भेटले. म्वालिमू म्हणजे गुरुजी. सव्वीस वर्षं या एकाच शाळेत काढलेला, इस्त्री केलेल्या जुन्या कोटातला माणूस. त्यांचेही दात बिबींसारखेच होते, पण ते हसताना ओठ मिटत नसत.

"या, या, बिबी. उन्हातून आलात." त्यांनी स्वतः बाहेर जाऊन दोन पेले भरून आणले, एक त्यांच्यासमोर ठेवला आणि दुसरा एका दमात प्यायले. "फार वाईट बातमी. त्या पोरीसाठी जीव तुटतो. या फिल्टरसाठी माझ्याएवढं कोणी केलं नसेल, विचारा गावात कोणालाही."

"विचारलं नाही, पण दिसतंय."

"मग आता काय? पुन्हा तपासणी होणार ना? किती दिवस चालेल? वर्षभर तरी लागेल, नाही का?"

बिबींनी समोरचा पेला उचलला आणि सावकाश सगळा प्यायल्या.

"पाणी चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

"चांगलंच आहे," म्वालिमू म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

५

बिबींनी दार पुढे लोटलं.

"काल सकाळी प्रोफेसरांनी तुम्हाला फोन केला. हे पाणी मुलांना पाजू नका म्हणाले. नामन्याक आहे ना, फिल्टरला शिव्या देणारी? तिने ते खरं मानलं आणि नातीसाठी दोन तासांवरून पाणी आणलं. आणि तुम्ही, म्वालिमू, या फिल्टरचे सगळ्यात मोठे कैवारी, तुम्ही नळ बंद केला नाहीत. बालवाडीतली पोरं आत्ता तिथे पितायत. तुम्ही मला पाजलंत, स्वतः प्यायलात. बातमी खरी मानणारा माणूस असं करत नाही."

म्वालिमूंनी रिकामा पेला मेजावर ठेवला.

"बाटल्यांत मगाडी आहे. मगाडीने आकडा चढतो, हे इथे फक्त तुमसिफूच्या सभेला बसलेल्यांना माहीत. हामिदूला ते माहीत नाही, त्याने मला पुडाभर मगाडी भेट दिलीय. नामन्याकला माहीत आहे, पण तिने पाणी वाईट मानलं. म्हणजे तिच्या हातून हे झालेलं नाही. पेटी या खोलीत होती. पोतीही याच खोलीत आहेत."

बाहेर घंटा झाली. म्वालिमू उठले, कपाटाची किल्ली काढली, आणि दार उघडून बाजूला झाले. आत पोती होती, आणि एका तांब्याशेजारी वाळत घातलेला, पांढरे डाग पडलेला हातरुमाल होता.

"पाण्यात विरघळवून गाळून घेतलं," ते म्हणाले. "एकेका बाटलीत दोन-दोन चमचे. जास्त पडू नये म्हणून मोजून घातलं."

"का?"

त्यांनी मेजाच्या खणातून एक पत्र काढून दिलं. विद्यापीठाचं होतं, महिनाभरापूर्वीचं. चौथ्या कलमाखाली पेन्सिलीची रेघ होती. *अभ्यास यशस्वीपणे पूर्ण होताच फिल्टर विद्यापीठात परत आणून, कापून, आतील कोळशाची तपासणी करण्यात येईल.*

"चाळीस शाळा पलीकडच्या जिल्ह्यातल्या," म्वालिमू म्हणाले. "आमची यादीत नाही. आमच्याकडे प्रयोग झाला ना! मी तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं ते हे. लुकुमायांना बोलावलं, तर त्यांचंही यंत्र परत जाणारं. मग मला ऑगस्ट आठवला. आकडा बिघडला की तुमची माणसं राहतात, बिबी. आकडा चांगला आला की सामान बांधतात."

"आणि त्या पोरीचं काय होईल, याचा विचार केलात?"

"वाटलं, तिलाही आणखी दहा महिने मिळतील. गेल्या वेळी मिळाले होते." त्यांनी कपाटाला पुन्हा कुलूप लावलं. "तिनेच शिकवलं मला, दात हिरडीखाली घडत असतात म्हणून. पाच-सहा वर्षं सलग चांगलं पाणी लागतं. माझ्या बालवाडीला दोनच झाली. पोरं घरी डबे भरून नेतात, धाकट्यांसाठी. अजून चार वर्षं द्या मला, मग न्या तुमचं खोकं."

बिबींना भयंकर राग आला होता, आणि नेमका कोणाचा ते त्यांना सांगता आलं नसतं. उद्या दहा वाजता समिती होती. नाव सांगितलं तर या माणसाची नोकरी जाणार आणि फिल्टरही जाणार. नाही सांगितलं, तर एका निर्दोष मुलीची दोन वर्षं कचऱ्यात.

"मी खोटं बोलणार नाही, म्वालिमू."

"मी सांगतही नाही बोलायला," ते म्हणाले आणि खडू घेऊन वर्गाकडे निघाले.

६

शुक्रवारी समितीत सात माणसं होती. बिबी उभ्या राहिल्या आणि त्यांनी फळ्यावर फक्त दोनच आकडे लिहिले.

"साक्षीच्या बाटलीत शुद्ध पाणी होतं. तिच्यात ८.१ निघाले. ते सगळे बाहेरून आलेले. फिल्टरच्या बाटल्यांतही तेवढंच घातलं गेलं, चमच्याने मोजून. आता ९.२ मधून ८.१ वजा करा."

लुकुमायांनीच आधी उत्तर दिलं, आणि तेही मोठ्याने. "१.१."

"दोन वर्षं येतोय तोच. फिल्टर ठीक आहे, मुलगी खरी आहे. काल मी स्वतः भरून आणलेली बाटली बाहेर यंत्रावर आहे, जाऊन पाहा."

प्रोफेसर म्बिसेंनी सुस्कारा सोडला, आणि लगेच ताठ झाले. "पण हे केलं कोणी?"

"म्वालिमू सराकिक्यांनी." खोलीत गलका झाला. बिबींनी तो ओसरू दिला. "का केलं, ते मी सांगणार नाही. कलम चार वाचा. मोठ्याने."

प्रोफेसरांनी वाचलं. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

तुमसिफू पांढरी पडली होती. ते कलम तिने स्वतः लिहिलं होतं, दोन वर्षांपूर्वी, अर्जाचा नमुना भरताना. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या कापलेल्या कोळशावरच उभं राहणार होतं. ते नसेल तर पदवी नाही.

"त्यांनी मला विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

"तीन पत्रं लिहिली होती त्यांनी," बिबी म्हणाल्या.

"ती प्रोफेसरांकडे आली..." ती थांबली. "नाही. एक माझ्याकडे आलं होतं. मी लिहिलं, नियमाप्रमाणे होईल." तिने तोंडावर हात ठेवला. मग ती उठली. "सर, तो फिल्टर कापायचा नाही. मी दुसरा बनवते, इथेच अंगणात, नदीचं पाणी आणून चालवते. तो कापू."

"दीड वर्ष लागेल! तुझी शिष्यवृत्ती जूनमध्ये संपतेय."

"मग जूननंतर शिकवण्या करेन. पण ते कलम आज खोडा."

प्रोफेसरांनी समितीकडे पाहिलं. समितीने लुकुमायांकडे पाहिलं, कारण विरोध करायचा तर तेच करणार. लुकुमायांनी खिशातून पेन काढून तुमसिफूच्या हातात दिलं.

"तूच लिहिलंस, तूच खोड," ते म्हणाले.

दुपारी बिबी पुन्हा नगारेकाटीला गेल्या. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. तिसरीचा वर्ग चालू होता. म्वालिमू दाराशी आले, हात खडूने माखलेले.

"शिक्षण खात्याला पत्र गेलं," बिबी म्हणाल्या. "मला नाव सांगावं लागलं."

"काढतील मला?"

"काढतील. या महिन्यातच, बहुतेक."

त्यांनी मान हलवली. "आणि ते?" टाकीकडे बघायचं त्यांना धाडस झालं नाही.

"राहणार. कलम खोडलं. तुमसिफूने स्वतः खोडलं, तिची दीड वर्षं घालवून. दर ऑगस्टला कोळसा बदलायला ती येणार आहे."

म्वालिमूंचे डोळे भरून आले. त्यांनी ते बाहीने पुसले, आणि गालावर खडूचा पट्टा उमटला.

"मग मला आजच नामन्याकला दाखवून ठेवायला हवं," ते म्हणाले, "नळाची चावी कशी घट्ट करायची ते. नवीन माणसाला काही ते जमायचं नाही." आणि आत वळून त्यांनी तिसरीला पाढा पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावला.